मैदानही सार्वजनिकच आहे : मुगोवालची मनीषा आणि आपल्या वस्तीतली नऊ नंबरची पोरगी

गेल्या वर्षीची गोष्ट. शालेय फुटबॉलच्या तालुका स्पर्धेत आमच्या देवळाली प्रवरातल्या वस्तीतील एका मुलीने दोन सामन्यांत पाच गोल मारले. बूट मैत्रिणीचे, एक नंबर मोठे, पुढे कापडाचा बोळा कोंबलेला. शर्टवर मागे नऊ आकडा. तिला कोणी शिकवले नव्हते, पण चेंडू कुठे पडणार हे तिला बचावातल्या मुलींच्या आधी कळत होते आणि ती तिथे आधीच पोहोचलेली असायची. ज्यांनी थोडाफार फुटबॉल पाहिला आहे त्यांना माहीत आहे, की स्ट्रायकरची ही नजर सहजासहजी शिकवून येत नाही.

यंदा त्या शाळेचा मुलींचा संघ स्पर्धेला गेलाच नाही. मुलांचा गेला. आम्ही चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, "मुलींसोबत जायला बाई शिक्षिका नाहीत." ना नियम, ना आदेश, ना कुणाची मनाई. फक्त बाई नाहीत. आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. तिची आई दिवसभर कांदा लागवडीला जाऊन नुकतीच परतली होती. म्हणाली, "भाऊ, तुमचं बरोबर हाय. पण पोरगी सतराची झाली. आता हाफ चड्डीवर किती दिस पळवायची? आन् पळून मिळणार काय, ते तरी सांगा."

आम्ही गप्प बसलो. कारण हा प्रश्न अडाणी नाही, तो हिशेबाचा आहे. रोजंदारीवर घर चालवणारी बाई जेव्हा विचारते की पळून काय मिळणार, तेव्हा "खेळाने व्यक्तिमत्त्व विकास होतो" हे पाठ्यपुस्तकी उत्तर तिच्या तोंडावर फेकणे हा तिचा अपमान आहे. हा लेख म्हणजे त्या माउलीला तेव्हा देता न आलेले उत्तर आहे. उत्तर अर्धवट आहे, हे आधीच सांगतो.

तर सुरुवात मुगोवालपासून करू.

पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यात माहिलपूरजवळ मुगोवाल नावाचे गाव आहे. आंबेडकरी कार्यकर्त्याला हे नाव माहीत असले पाहिजे. बाबू मंगूराम मुगोवालिया याच गावचे. १८८६ चा जन्म. चामड्याच्या व्यवसायातले घर. अस्पृश्य म्हणून वर्गाबाहेर बसून शिकावे लागले. १९०९ मध्ये अमेरिकेला गेले, गदर चळवळीत पडले, १९२५ मध्ये परत आले तर गावात सगळे जिथल्या तिथे. मग त्यांनी गावात शाळा काढली आणि जून १९२६ मध्ये त्याच शाळेत परिषद भरवून आदि धर्म चळवळ उभी केली. आम्ही या देशाचे मूळचे लोक आहोत, आमचा धर्म वेगळा, आमची ओळख वेगळी, असे ठणकावून सांगितले. १९३१ च्या जनगणनेत पंजाबात चार लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला आदिधर्मी म्हणून नोंदवले. आपल्याकडे महाडचा संगर झाला १९२७ साली. म्हणजे दोन्ही ठिणग्या एकाच वेळच्या.

त्याच मुगोवालमध्ये २७ नोव्हेंबर २००१ रोजी मनीषा कल्याण जन्मली. आज भारतीय महिला फुटबॉलमध्ये आघाडीवर खेळणाऱ्या मुलींची नावे घ्यायची तर तिचे नाव पहिल्या दोन-तिनांत येते. मनीषाची जात शोधत बसण्याचे इथे काही कारण नाही, ते काम आपल्या विरोधकांवर सोडू. आमचा मुद्दा गावाचा आहे. ज्या गावात एके काळी अस्पृश्याच्या पोराला वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसवत, त्या गावची मुलगी शंभरेक वर्षांत युरोपच्या मैदानावर पोहोचली. मध्ये काय काय घडावे लागले असेल?

घडले ते असे. ती शाळेत धावायची, बास्केटबॉल खेळायची. तेरा वर्षांची असताना शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी तिचा वेग पाहून तिला फुटबॉलकडे वळवले. माहिलपूर हे पंजाबातले फुटबॉलचे जुने आगर. तिथे मैदान आहे, खेळणारी माणसे आहेत, बघणारी माणसे आहेत. म्हणजे वेग पोरीचा, पण तो ओळखणारा शिक्षक आणि पळायला जागा ही सार्वजनिक गोष्ट. पुढे ती केरळच्या गोकुलम संघाकडून खेळली, इंडियन विमेन्स लीग जिंकली, भारतीय संघात गेली. २०२१-२२ आणि २०२२-२३ असा सलग दोन वर्षे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार तिला मिळाला.

२५ नोव्हेंबर २०२१. ब्राझीलच्या मनाउस शहरात भारतीय महिला संघ पहिल्यांदाच ब्राझीलच्या वरिष्ठ संघाशी खेळत होता. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलने गोल केला. आठव्या मिनिटाला मनीषाने चेंडू घेऊन मुसंडी मारली आणि बरोबरी साधली. ब्राझीलविरुद्ध, ब्राझीलमध्ये, एक-एक. पुढे सामना ६-१ असा हरलो, हे लपवायचे कारण नाही. पण तो एक गोल बघा. ज्यांना शक्य असेल त्यांनी वस्तीतल्या पोरींना मोबाइलवर दाखवा.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी ती सायप्रसच्या अपोलॉन लेडीज या संघाकडून लाटव्हियाच्या रिगा संघाविरुद्ध मैदानात उतरली आणि युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. बरोबर त्याच आठवड्यात तिचा जुना संघ, गोकुलमच्या पोरी, आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानच्या ताश्कंदमध्ये पोहोचून हॉटेलात अडकून पडल्या होत्या. भारतीय फुटबॉलच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफाने महासंघाला निलंबित केले होते. खुर्च्यांवरून भांडले कोण? मोठमोठे लोक. खेळायचे राहिले कोणाचे? पोरींचे. पुढे ऑगस्टअखेर निलंबन उठले, पण त्यांची स्पर्धा गेली ती गेलीच. दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत अशी आहेत. पाय दोन्हीकडे तेवढेच चांगले होते.

मनीषा पुढे २०२४ मध्ये ग्रीसच्या पाओक संघात गेली. तिच्या आधी हा रस्ता मणिपूरच्या बाला देवीने तुडवला होता. विष्णुपूर जिल्ह्यातल्या इरेंगबामची ही मुलगी पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली, २०१८-१९ च्या लीगमध्ये तिने मणिपूर पोलिसांच्या संघासाठी सात सामन्यांत २६ गोल केले, आणि जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिच्याशी करार केला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिचे पन्नासवर गोल आहेत. पण बाला देवीच्या कथेत आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो शब्द आहे "पोलीस". तिला नोकरी होती. पगार होता. भारतात स्त्रीने फुटबॉल खेळून घर चालवावे अशी सोय अलीकडेपर्यंत नव्हतीच. लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत, असे महासंघाने ठरवले तेही २०२३ मध्ये. म्हणजे महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार. देशातल्या वरच्या पातळीवरच्या खेळाडूला! तरी ते हवेच, कारण त्याआधी तेवढेही नव्हते.

आता जरा या पोरी येतात कुठून ते पाहू. तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातली सौम्या गुगुलोथ लंबाडा तांड्यावरची. आपल्याकडे ज्यांना बंजारा म्हणतो, तेच लोक. तीही आघाडीची खेळाडू, तीही युरोपात क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबपर्यंत जाऊन आली. तिच्यासोबत तिथे गेलेली ज्योती चौहान मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली. प्यारी खाखा ही स्ट्रायकर ओडिशाच्या आदिवासीबहुल सुंदरगडची. जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चियांग माईत आशियाई चषकाची पात्रता फेरी झाली, तेव्हा मंगोलियाविरुद्धच्या १३-० विजयात प्यारीचे एकटीचे पाच गोल होते. शेवटच्या सामन्यात यजमान थायलंडला २-१ हरवले, दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. पात्रता फेरीतून स्वबळावर आशियाई चषकात जागा मिळवण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. पुरुषांच्या संघाची त्या काळात काय अवस्था होती ती आम्ही सांगायला नको.

तांडा, आदिवासी पाडा, ईशान्येकडची खेडी, छोटी गावे. हा काय योगायोग आहे? गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून आरक्षणाच्या नावाने चोवीस तास गळा काढणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. जिथे ओळख चालत नाही, वशिला चालत नाही, आडनाव चालत नाही, चेंडू जाळ्यात गेला की गेला, तिथे तुमची पिढीजात गुणवत्ता का दिसत नाही? आणि जिथे पैसा लागतो, क्लबचे सभासदत्व लागते, महागडे साहित्य लागते, त्या खेळांत मात्र ती भरभरून कशी दिसते? उत्तर सोपे आहे. गुणवत्ता सगळीकडे पेरलेली असते, पाणी काही वाफ्यांनाच मिळते.

आणि गोल मारला म्हणजे जात सुटते असेही नाही. वंदना कटारिया आठवा. खेळ हॉकी, पण जागा तीच, आघाडीची. ३१ जुलै २०२१ रोजी टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. चारच दिवसांनी भारत उपांत्य सामना हरला, तर हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर सवर्ण टोळक्याने फटाके फोडले, नाचले आणि संघात दलित जास्त झाल्या म्हणून हरलो, असे म्हणत जातिवाचक शिव्या दिल्या. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवावा लागला. देश हरला याचा आनंद साजरा करणारे हेच लोक एरवी आपल्याला देशभक्तीची प्रमाणपत्रे वाटत असतात. वंदना त्यानंतरही खेळली आणि २०२५ मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ३२० आंतरराष्ट्रीय सामने आणि १५८ गोल होते. शिव्या देणाऱ्यांच्या नावावर काय आहे?

पण मित्रांनो, फक्त जातीचे बोलून थांबलो तर अर्धेच बोलल्यासारखे होईल. त्या माउलीने "हाफ चड्डी" म्हटले होते. बाईच्या पायांवर पहारा बसवणे ही जगभरची मनुस्मृती आहे.

इंग्लंडचे पाहा. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत आल्या आणि मधल्या सुटीत फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन शहरातल्या डिक-कर कारखान्याच्या मुलींचा संघ एवढा गाजला, की २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांना पाहायला ५३ हजार लोक जमले. लिली पार नावाची कामगार घरातली उंचपुरी पोरगी त्यांच्या आघाडीत खेळायची. तिचा फटका पुरुष गोलरक्षकांनाही झेपत नसे, अशा आख्यायिका आजही सांगतात. या सामन्यांचा पैसा जखमी सैनिकांना जाई आणि १९२१ च्या टाळेबंदीत खाणकामगारांच्या घरांनाही. मग ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, आणि आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. बंदी उठायला पन्नास वर्षे लागली. तेव्हा बाबासाहेब लंडनमध्येच होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला. अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसलेल्या त्या विद्यार्थ्याने ही बातमी वाचली की नाही कोण जाणे. पण मैदान बंद करून माणसाला बंद करायची ही युक्ती त्यांना नवी वाटली नसती. त्यांच्या देशात पाणवठे बंद होते.

ब्राझीलमध्ये तर सरकारनेच १९४१ मध्ये हुकूम काढला, की स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ स्त्रियांनी खेळू नयेत. तो १९७९ पर्यंत चालला. त्यानंतर सात वर्षांनी, १९८६ मध्ये, अलागोआस या गरीब प्रांतातल्या दोइस रियाशोस गावात मार्ता जन्मली. बाप घर सोडून गेलेला, आई राबणारी. मार्ता पोरांबरोबर अनवाणी खेळायची, आणि एका स्पर्धेतून मुलगी म्हणून तिला काढून टाकण्यात आले होते. चौदाव्या वर्षी ती एकटी तीन दिवसांचा बसप्रवास करून रिओला गेली. पुढचे जगाला माहीत आहे. सहा वेळा जगातली सर्वोत्तम खेळाडू, विश्वचषकांत १७ गोल, आणि हा आकडा पुरुष-स्त्री दोन्हींत सर्वाधिक. पेले नाही, रोनाल्डो नाही, मार्ता! २ ऑगस्ट २०२५ च्या कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात कोलंबियाविरुद्ध ब्राझील हरत असताना भरपाई वेळेत ३९ वर्षांच्या मार्ताने बरोबरीचा गोल केला, जादा वेळेत आणखी एक केला, आणि शेवटी पेनल्टींवर ब्राझील जिंकले. मनाउसला आपल्या मनीषाने गोल मारला तो या देशाच्या संघाला.

२०१९ च्या विश्वचषकात मार्ता कुठल्याही कंपनीचा शिक्का नसलेले बूट घालून खेळली, कारण तिला देऊ केलेले पैसे पुरुष खेळाडूंच्या मानाने फारच कमी होते. बुटांवर समानतेची खूण होती. गोल केल्यावर तिने बुटाकडे बोट दाखवले. आपल्या चळवळीच्या भाषेत याला स्वाभिमान म्हणतात.

आता परत देवळाली प्रवराला येऊ. कारण ब्राझीलचे गोडवे गाऊन राहुरी तालुक्यातल्या पोरीला बूट मिळत नाहीत.

हा अहिल्यानगर जिल्हा आहे. बाहेरच्यांना तो साखर कारखान्यांमुळे आणि देवस्थानांमुळे माहीत आहे, आपल्याला तो सोनई आणि खर्ड्यामुळेही माहीत आहे. याच नगर शहरात मिस फरारबाईंच्या संस्थेत सावित्रीमाईंनी अध्यापनाचे धडे घेतले. आज मुली शाळेत जातात, दहावीला पोरांपेक्षा जास्त गुण आणतात, आणि दहावीनंतर त्यांच्या पायांची सगळी हालचाल घर ते कॉलेज, घर ते रान एवढीच उरते. मोकळी जागा गावात नाही असे नाही. आहे. सकाळी तिथे क्रिकेट, संध्याकाळी तिथे क्रिकेट, उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा, नेत्याच्या वाढदिवसाचा चषक, लग्नसराईत मांडव. मुलींना कोणी अडवत नाही. फक्त त्या गेल्या की चार टवाळ कठड्यावर येऊन बसतात, मोबाइल काढतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या येत नाहीत.

"कोणी अडवत नाही" हे वाक्य आपण आधी कुठे ऐकले आहे? महाडला. सीताराम केशव बोले यांचा १९२३ चा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर कोणाचीच अडवणूक नव्हती. तरी २० मार्च १९२७ पर्यंत एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचे पाणी घेतले नव्हते, आणि घेतले तेव्हा डोकी फुटली. कागदावर खुले असणे आणि खरोखर खुले असणे यांतले अंतर बाबासाहेबांनी चालून दाखवले. म्हणूनच संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या जोडीला सार्वजनिक वापराच्या जागाही आल्या, आणि ज्या कारणांवरून कोणाला तिथे रोखता येणार नाही त्यांत जातीबरोबर लिंगही आले. सार्वजनिक पैशातून राखलेले मैदान ही सार्वजनिक वापराची जागा नाही तर काय आहे? मुलींनी तिथे जाऊन खेळणे हा कुणाचा उपकार नाही.

आता थोडे स्वतःबद्दल, आणि हे काहींना झोंबेल. आपल्या जयंतीला वर्गणी किती होते आणि डीजेला किती जाते, याचा हिशेब आपण सगळे जाणतो. "झुंड" आला तेव्हा नागपूरच्या विजय बारसे सरांची गोष्ट पाहून आम्ही थेटरात शिट्ट्या मारल्या, डोळे पुसले, स्टेटस ठेवले. बाहेर येऊन किती वस्त्यांत चेंडू आणले? स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका आपण काढल्या, ते उत्तम केले, त्या अजून हव्यात. पण त्या अभ्यासिकेत संध्याकाळी सातनंतर किती मुली बसतात? १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. तो मापदंड आपण भाषणात वापरतो, वर्गणीच्या वहीत वापरत नाही. आम्हीही त्यात आलो. गेली कित्येक वर्षे आमच्या मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेत मुलींचे काम काय होते? बक्षीस समारंभात ताट धरून उभे राहणे.

काही मित्र म्हणतात, आधी ॲट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, नोकऱ्या, हे फुटबॉलचे चोचले नंतर. त्यांचा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण ते रात्री-बेरात्री पोलीस ठाण्यात उभे राहणारे लोक आहेत. पण मग नोकऱ्यांचेच बोलू. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. हे कोण घेते? खोटी क्रीडा प्रमाणपत्रे काढून नोकऱ्या लाटणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचल्या. म्हणजे ज्यांना चेंडू माहीत नाही त्यांना शासन निर्णय पाठ आहे, आणि ज्या पोरीने दोन सामन्यांत पाच गोल मारले तिच्या आईला अशी काही सोय असते हे कोणी सांगितलेलेच नाही. तालुक्याला खेळली की जिल्हा, जिल्ह्यानंतर विभाग, मग राज्य. पहिल्याच पायरीवर "बाई शिक्षिका नाहीत" म्हणून संघ थांबला की वरच्या सगळ्या पायऱ्या आपोआप बंद. कुणी अन्याय केला असेही वाटत नाही. ब्राह्मणी-पितृसत्ताक व्यवस्था नेहमी लाठी घेऊनच येते असे नाही, कधी ती सोबतीला बाई नाही एवढेच सांगून निघून जाते.

सुरक्षेची भीती मात्र खोटी नाही, आणि तिथे पालकांना शहाणपण शिकवायला आम्ही जाणार नाही. २०२४ मध्ये गोव्यात लीग खेळायला आलेल्या हिमाचलच्या एका संघातील मुलींनी महासंघाच्याच एका पदाधिकाऱ्यावर दारू पिऊन मारहाण केल्याची तक्रार केली, त्याला अटक झाली. एवढ्या वरच्या पातळीवर ही गत. तेव्हा मुलींसोबत बाई हवी, हे बरोबरच आहे. पण बाई नसेल तर बाई शोधायची असते, संघ रद्द करायचा नसतो. वस्तीतल्या अंगणवाडी ताई आहेत, आशाताई आहेत, आपल्या महिला मंडळाच्या ताया आहेत. शाळेने लेखी विचारले असते तर दोघी-तिघी एका दिवसात तयार झाल्या असत्या. आम्ही नंतर विचारले, त्या तयार झाल्या.

मग त्या माउलीला उत्तर काय? पुन्हा गेलो तेव्हा आम्ही तिला मार्ताचे काही सांगितले नाही. पाच टक्क्यांचे सांगितले, गुणांचे सांगितले, पोलीस भरतीत पोरीला पळावेच लागते आणि रोज खेळणारी पोरगी तिथे मागे पडत नाही, हे सांगितले. स्ट्रायकर म्हणून ती किती पुढे जाईल ते आम्ही सांगितले नाही, कारण खोटी आशा दाखवायला आम्ही काही क्रीडा अकादमीचे जाहिरातवाले नाही. अठरा पूर्ण होण्याआधी लग्नाचे नाव काढायचे नाही, हे मात्र ठासून सांगितले. ती म्हणाली, "रविवारचं धाडते. पण धाकट्याला संग नेऊ द्या, मी रानात असते."

मैदानावर आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींसाठी राखून ठेवाव्यात, असा अर्ज आम्ही केला आहे. तोंडी उत्तर मिळाले की बघू. लेखी उत्तराची वाट पाहत आहोत, अर्जाची पोच आमच्याकडे आहे. तोवर रविवारी सकाळी सहा ते साडेसात, क्रिकेटवाले उठायच्या आत, आम्ही मैदान घेतो. पहिल्या रविवारी अकरा मुली आल्या, दुसऱ्या रविवारी सात, तिसऱ्या रविवारी तेरा. एका बाजूला बांबूचे खांब, दुसऱ्या बाजूला विटा. दोन ताया कडेला बसून असतात आणि कठड्यावरच्या टवाळांकडे अशा बघतात की ते आता येत नाहीत. नऊ नंबरची पोरगी धाकट्या भावाला बांबूच्या खांबाशी बसवते, त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा देते आणि आत येते.

पुढच्या रविवारीही सहालाच आहे. तीन ते सहा नंबरचे, जुने पण तळ शाबूत असलेले फुटबॉलचे बूट कोणाकडे पडून असतील तर घेऊन यावे. पाच नंबरचा चेंडू एकच आहे, दुसरा मिळाला तर दोन गट करता येतील. आणि पंचगिरी येणारी एखादी ताई असेल तर तिची फार गरज आहे.

जय भीम.